कच्चं मडकं
(कामोठे येथील हरिनाम सप्ताहातील कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून)



आज चिंतेचा विषय घेतला आहे. चिंता पुष्कळ प्रकारच्या असतात. मुलीच्या लग्नाची, घराच्या हप्त्याची, म्हाताऱ्या आईबापांच्या दुखण्याची. पण त्यातली एक चिंता फार विचित्र आहे. गोष्ट घडून गेली, ती आता बदलता येत नाही. आणि निकाल मात्र अजून लागलेला नाही. मागे जाता येत नाही, पुढचं दिसत नाही. वटवाघळासारखं मधेच लोंबकळत राहायचं. या चिंतेनं आज घरोघरची पोरं पोखरली जात आहेत, म्हणून हा विषय.

काल कीर्तन संपलं, महाप्रसादाच्या पंगती बसल्या. एक आई आपल्या मुलाला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आल्या. मुलगा पंचविशीचा, चांगला उंचापुरा. म्हणाल्या, "महाराज, तुम्हीच सांगा याला काहीतरी. आठ दिवस झाले, धड जेवत नाही, रात्री झोपत नाही."

मी विचारलं, "काय झालं बाळा?"

चार वर्षं अभ्यास केला होता पोरानं. लेखी परीक्षा पास झाला, मोठ्या नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. बेलापूरला मुलाखत होती. म्हणाला, "महाराज, सगळं बरं चाललं होतं. शेवटी एका साहेबांनी विचारलं, कुठे राहता? म्हटलं, पनवेलजवळ कामोठ्यात. मग म्हणाले, पनवेलला कोणती नदी आहे? आणि महाराज, मी कुंडलिका म्हणून बसलो!"

आता हसताय तुम्ही. रोह्याची नदी पोरानं पनवेलला आणून ठेवली! पनवेलची नदी गाढी, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. त्यालाही माहीत होतं. पण ऐनवेळी तोंडात आलं नाही. बेलापूर ते मानसरोवर, मधे एकटं खारघर. तेवढ्या प्रवासात त्याला दरदरून घाम फुटला. आणि मानसरोवर स्टेशनवर पाय ठेवला, तेव्हा आठवलं – गाढी!

म्हणाला, "महाराज, चार वर्षांचा अभ्यास एका नदीत बुडाला."

विठ्ठल विठ्ठल! हसू नका माउली. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही रडलो असतो.

आता हे मनाचं काय चालतं ते आधी समजून घ्या. दात पडला की जीभ कुठे जाते? तोंडात एकतीस दात शाबूत असतात, पण जीभ दिवसभर त्या एका खड्ड्यातच जाते. मन तसंच आहे. पंधरा-वीस प्रश्नांची उत्तरं बरी दिली, त्यांची आठवण नाही. चुकलेलं एक उत्तर तेवढं दिवसातून शंभर वेळा ऐकू येतं. आणि दर वेळी मन त्यात थोडी भर घालतं. साहेब नुसते "बरं" म्हणाले होते. आठव्या दिवशी पोराला वाटायला लागलं, साहेब आपल्याला हसले.

दुसरं कारण आणखी बारीक आहे. चिंता करताना माणसाला वाटतं, मी काहीतरी करतोय. स्वस्थ बसलो तर मला पर्वा नाही असं होईल. म्हणून तो रात्रभर जागतो. पण जागून गेलेलं उत्तर दुरुस्त होतं का? नाही. मग ते जागणं कुणाच्या कामाचं? एकादशीचं जागरण तरी पुण्याचं, हे जागरण कशाचं?

थोडा हिशेबही पाहा. दिल्लीच्या केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा असते. तिथे मुख्य लेखी परीक्षेचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५, असे मिळून २०२५ गुणांवर निवड होते. आणि त्या मुलाखतीला आयोग म्हणतो व्यक्तिमत्त्व चाचणी. पाठांतराची परीक्षा लेखीत होऊन गेलेली असते. इथे माणूस कसा बोलतो, कसा विचार करतो, अडल्यावर कसा वागतो हे पाहतात. इतर मोठ्या मुलाखतींतही पाहतात ते बहुतेक हेच. मग एक नदी चुकली म्हणून चार वर्षं वाहून गेली, हा हिशेब कुणी केला? साहेबांनी नाही, आपल्याच मनानं केला.

पण माउली, मी त्या पोराला "तू पास होशील" असं म्हटलं नाही. मला काय ठाऊक? ही नारदाची गादी आहे, हिच्यावर उभं राहून खोटा धीर द्यायचा नसतो. मी त्याला म्हटलं, "बाळा, तुझ्याआधी एक जण असाच मुलाखतीत नापास झालाय. त्याची गोष्ट ऐक." तीच आज तुम्हाला सांगतो.

तेरढोकीला, आज धाराशिव जिल्ह्यात तेर म्हणतात तिथे, गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ आहेत, ज्ञानोबा माउली आहेत, सोपानकाका आहेत, मुक्ताई आहेत, आणि नामदेवराय आहेत. नामदेवराय म्हणजे कोण? ज्यांच्या हातचा नैवेद्य देव खातो, ज्यांच्याशी देव बोलतो, ते. गप्पा चालल्या असताना मुक्ताईंचं लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेलं. विचारलं, "काका, हे काय?" काका म्हणाले, "हे माझं थापटणं. यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं." मुक्ताई म्हणाल्या, "मग ही इथे बसलेली मडकी बघा की!" कुणी सांगतात मुक्ताईंनी विचारलं, कुणी सांगतात माउलींनी. विचारणारं कुणीही असो, परीक्षा झाली.

काका उठले. एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत चालले. सगळे शांत बसले. नामदेवरायांच्या डोक्यावर थापटणं पडलं, आणि नामदेवराय चिडले. मला मारता? मला? झालं! काकांनी सगळ्यांदेखत निकाल सांगितला – हे मडकं कच्चं आहे.

विचार करा माउली, काय वाटलं असेल! आपली मुलाखत बंद खोलीत होते, निकाल कागदावर येतो. इथे सगळी संतसभा बघते आहे. ज्यांच्यात उठायचं-बसायचं त्यांच्यासमोर कच्चं ठरायचं. आणि तेही देवाचा लाडका म्हणवून घेणाऱ्यानं!

आता नामदेवरायांनी पुढे काय केलं, ते नीट ऐका. तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट, ते तिथे कुढत बसले नाहीत. सरळ पंढरपूर गाठलं आणि विठ्ठलाच्या गळ्यात पडून रडले. सगळं सांगितलं. दुःख आपल्या माणसाजवळ बोललं की निम्मं होतं. आपलं त्या पोराचं काय झालं होतं? आठ दिवस आईला सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं पोराला ताप आहे.

दुसरी गोष्ट. देवानं त्यांची समजूत घातली, पण खोटी घातली नाही. "गोरा चुकला, तू पक्काच आहेस" असं देव म्हणाला नाही. गुरू कर म्हणाला. औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे जा म्हणाला. आणि नामदेवरायांनी ते मानलं. देवाचा लाडका असूनही मानलं! उत्तर कच्चं होतं हे एकदा कबूल केलं की मनातला वाद संपतो. वाद संपला की पाय मोकळे होतात.

तिसरी गोष्ट, ते शिकायला गेले. तिथे काय पाहिलं? एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेला. नामदेवराय म्हणाले, पाय काढा, देव आहे तिथे. म्हातारा म्हणाला, "बाबा, मला उचलवत नाहीत. जिथे देव नाही तिथे तूच ठेव." नामदेवरायांनी पाय उचलले, दुसरीकडे ठेवले, तिथे पिंड. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंड! मग डोळे उघडले. देव काही एका जागी नाही. ते म्हातारबाबा म्हणजेच विसोबा. थापटणं बसलं नसतं तर नामदेवराय औंढ्याला गेलेच नसते.

आता कुंभाराच्या घरची एक खूण सांगतो. भाजलेलं मडकं वाजवलं की खणखणतं, कच्चं वाजवलं की बद्द आवाज येतो. पण भाजलेलं मडकं फुटलं तर त्याचं काय होतं? खापर होतं. त्याची पुन्हा माती होत नाही. आणि कच्चं मडकं मोडलं तर? पाण्यात भिजवा, मळा, परत चाकावर चढवा, नवं मडकं तयार! म्हणून कच्चं म्हणजे फुटकं नव्हे. कच्चं म्हणजे अजून आव्यात जायचं राहिलेलं. गोरोबाकाका मडकं कच्चं म्हणाले, माती वाईट आहे असं म्हणाले नाहीत. लक्षात आलं का? पोरांनो, तुमचं एक उत्तर कच्चं निघालं, तुम्ही फुटलेले नाही.

आणि त्या कच्च्या मडक्याचं पुढे काय झालं? १२७० साली जन्मलेले नामदेवराय ऐंशी वर्षं जगले. भागवत धर्माची पताका घेऊन पंजाबपर्यंत गेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी आजही त्यांचं स्थान आहे. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला भरलं. आणि आम्ही कीर्तनकार आद्य कीर्तनकार म्हणून कुणाला नमस्कार करतो? त्याच कच्च्या मडक्याला!

आता उद्या सकाळी उठून करायचं काय, ते सांगतो. त्या पोराला सांगितलं तेच.

एक वही घे. तो प्रश्न लिही. त्याखाली बरोबर उत्तर लिही. गाढी कुठून येते, कुठे जाते, सगळं शोधून एकदा लिही. आणि वही मीट. मन पुन्हा त्या खड्ड्यात गेलं की त्याला सांग, ते काम झालं, वहीत आहे. बरोबरच्या पोरांना फोन करून "तुला काय विचारलं, तू काय सांगितलंस" हे बंद कर. निकालाची तारीख आपल्या हातात नाही, आजचा दिवस आहे. पुढच्या परीक्षेचा एक तास अभ्यास कर. संध्याकाळी इथे ये, पंगतीत वाढायला लाग. हात गुंतले की मनालाही विसावा मिळतो. रात्री अंथरुणावर हरिपाठ म्हण, झोप येईपर्यंत म्हण.

आणि आईबापांनो, तुम्हालाही सांगणं आहे. पोरगं घरात आलं की "काय वाटतं, होईल का?" हे विचारू नका. थापटणं एकदा बसलंय, तुम्ही रोज मारू नका. जेवायला वाढा, बाजूला बसा. शेजाऱ्यांना काय सांगायचं ही चिंता सोडा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. दिवसेंदिवस झोप नाही, जेवण नाही, आणि पोरगं जगण्याचाच कंटाळा आला असं बोलायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारनं २०२२ साली टेलिमानस नावाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा नंबर, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही चालतो. नामदेवरायांना देवानंच दुसऱ्याकडे पाठवलं. मग दुसऱ्याकडे जाण्यात कमीपणा कसला?

काल ते पोरगं शेवटी म्हणालं, "महाराज, आणि खरंच नाही झालं तर?" मी म्हटलं, "नाही झालं तर दुःख होईल. एक दिवस रड. मग औंढ्याची वाट धर." पोरगं हसलं. आठ दिवसांनी पानावर बसलं.

माउली, पंढरपूरला गेलात की महाद्वारातली नामदेव पायरी पाहा. राजे आले तरी त्या पायरीवर पाय ठेवत नाहीत, वाकून नमस्कार करून वरून जातात. तुम्ही वाकाल तेव्हा मनात एवढं आणा, की ही कच्चं ठरलेल्या माणसाची पायरी आहे. आणि घरी कुणी पोरगं निकालाची वाट बघत असेल, तर त्याच्यासाठी तिथे एक नमस्कार जास्त करा.

रामकृष्ण हरी!