पत्त्यांतली चित्रं (भाग १८) : तीन सांडले, दोन उभे

गेल्या आठवड्यात आपण टॅरोमधला फोर ऑफ कप्स पाहिला. झाडाखाली बसलेल्या तरुणाचं ढगातून पुढे आलेल्या पेल्याकडे लक्षच नव्हतं. त्याच्या पुढचा पत्ता फाइव्ह ऑफ कप्स. हा निघाला की समोर बसलेल्याचा चेहरा पडतो, कारण चित्र समजावून सांगावंच लागत नाही. काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. पुढ्यात तीन पेले लवंडलेत. पाठीमागे दोन सरळ उभे आहेत. पलीकडे नदी, नदीवर पूल आणि पूल ओलांडला की एक छोटी गढी.

हे चित्र पामेला कोलमन स्मिथ यांचं. आर्थर एडवर्ड वेट यांच्यासाठी त्यांनी १९०९ साली काही महिन्यांत ७८ पत्त्यांचा अख्खा संच काढला. त्याआधीच्या बहुतेक संचांत या पत्त्यावर पाच पेले नुसते मांडलेले असत, आपल्या बदामाच्या पंजीवर पाच बदाम असतात तसे. माणूस, झगा, पूल हे सगळं नंतर आलं. बाविशीच्या आतच आई आणि वडील दोघंही गमावलेल्या बाईच्या हातचं हे चित्र आहे, हे मी ते वाचताना विसरू शकत नाही.

वेट यांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात अर्थ दिला तो असा : हानी, पण काहीतरी उरलेलं. पुढे ते वारशाचंही बोलतात, मिळालेल्या पण अपेक्षेला न उतरलेल्या वारशाचं. हा भाग हल्ली कुणी सांगत नाही. नात्यातली हानी म्हटली की आपल्याला फक्त प्रेमभंग आठवतो. पण काटोलकडच्या संत्र्याच्या बागेची वाटणी झाली, सातबारावर नावं वेगळी झाली आणि दोन भावांचं बोलणं कायमचं थांबलं, तर तोही हाच पत्ता. हिस्सा मिळाला, भाऊ गेला.

नागपुरात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र एकच असतो : “मॅडम, तो वापस येईन का?” पत्ता याचं उत्तर देत नाही, आणि कुणी त्यातून तारीख काढून देत असेल तर तिथून उठावं. मी उलट विचारते, सांडलं काय काय? साखरपुडा मोडलेली एक मुलगी आधी म्हणाली, “तोच गेला, अजून काय!” मग हळूहळू बोलती झाली. त्याच्या आईला ती ‘आई’ म्हणायला लागली होती. मनीषनगरातल्या दोन खोल्यांत फ्रिज कुठे ठेवायचा हेही ठरलं होतं. माणूस एक गेला, पेले तीन सांडले. आणि सांडलेल्या बाकीच्या दोन पेल्यांसाठी तिला एकदाही रडू दिलं गेलं नव्हतं. घरचे तर दुसरं स्थळ बघायला लागले होते.

म्हणूनच “मागे बघ, दोन उरलेत ना!” हे वाक्य पहिल्याच बैठकीत बोलणं मला पटत नाही. ते खरं आहे, पण वेळेआधी बोललेलं खरंही लागतं. चित्रातल्या माणसाला कुणी खांदा धरून वळवत नाहीये. हे शहर कवी ग्रेस यांचं. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ मध्ये आल्या तेव्हापासून इथल्या वाचकांना दुःखापाशी थांबणं ठाऊक आहे. मग पोटच्या लेकरालाच आपण इतकी घाई का करतो?

मुलीबरोबर आई आली असेल तर मंगळाचा विषय निघतोच. वेट आणि स्मिथ दोघंही गोल्डन डॉन या मंडळाचे सभासद; त्या परंपरेत या पत्त्याला वृश्चिकेतला मंगळ दिला आहे. वृश्चिक ही मंगळाची स्वतःची रास, त्यामुळे ऐकणारी बाई हबकते. पण हा मंगळ पत्त्याचा आहे, मुलीच्या कुंडलीतला नाही. हाच पत्ता उद्या तिच्या मामांनी काढला तरी मंगळ तोच राहणार. त्यावरून पत्रिका पुन्हा उघडायचं काही कारण नाही.

आता उलट्या पत्त्याचं. तो उलटा आला की ‘जुनं नातं परत येणार’ असं सर्रास सांगतात. वेट यांच्या यादीत परत येणं आहे, हे खरं. पण त्याच यादीत फसवे बेतही आहेत. पहिलं सांगून दुसरं गाळणं म्हणजे आशेवर बसलेल्या माणसाशी अप्रामाणिकपणा. उलटा पत्ता आला तर मी दोन्ही सांगते आणि मग विचारते : तो परत आला, तर सांडलेल्या तिन्हींतलं नेमकं काय घेऊन येईल असं तुला वाटतं?

पुढच्या आठवड्यात सिक्स ऑफ कप्स.