म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काय घ्यावे, काय घेऊ नये

मे महिन्यात बेळगावातल्या मराठी घरांत गोव्याला जाण्याचा बेत ठरलेला असतो. नातेवाईक तिकडे, देवदर्शन तिकडे आणि मुलांना समुद्र हवा असतो. आमच्या घरी पहिल्यापासून प्रथा अशी की जायचेच तर शुक्रवार धरून जायचे, म्हणजे वाटेत म्हापशाचा बाजार होतो. पण या बाजारात आपण बेळगावकर हमखास एक चूक करतो. आमच्या सासूबाईंनी एकदा तिथून हौसेने कोबी, गाजर आणि हिरव्या मिरच्या घेतल्या. पिशवी भरल्यावर त्यांनी सहज विचारले, भाजी कुठली? भाजीवाली हसून म्हणाली, "बेळगांवची गे बाय, आयजच आयल्या!" रात्री आपल्याच मार्केटमधून घाट उतरून आलेली भाजी आम्ही परत घाट चढवून घरी आणली. गोव्याला लागणारी बरीचशी भाजी बेळगावहून जाते हे आपल्याला ठाऊक असते, पण बाजारात शिरल्यावर विसरायला होते.

म्हणून अस्सल गोव्याचा माल ओळखायची पहिली खूण मालापेक्षा विकणारी बाई. मोठ्या गाळ्यावर रचलेले ढीग सोडून पुढे जा. शुक्रवारी आसपासच्या गावांतल्या बायका एखादी टोपली, एखादे पोते घेऊन जमिनीवर बसलेल्या असतात. त्यांच्यापुढे चार फणस, थोडी आमसुले, परसातली तांबडी भाजी, दोन-तीन डझन केळी एवढेच असते. खरी खरेदी तिथे. त्यांच्याशी फार घासाघीस करू नये असे माझे मत आहे. त्या टोपलीत त्यांचा आठवडा असतो.

आता वस्तूंकडे वळू. पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, पण रीत आपल्या साठवणीचीच. मे महिन्यातला म्हापशाचा बाजार या पुरुमेंतासाठीच भरल्यासारखा वाटतो.

मिरची घेताना जरा थांबावे. लांब, सुरकुतलेली, गडद लाल दिसली की ती ब्याडगी. ती आपल्याकडे स्वस्त आणि ताजी मिळते, तिथून आणण्यात अर्थ नाही. घ्यायची ती पेडण्याकडची हरमल मिरची. ती आखूड आणि तिखट असते, माशाच्या कालवणाला तिच्यामुळे वेगळीच चव येते. आमसुले, म्हणजे तिकडची सोलां, हाताला मऊ आणि रंगाने काळपट जांभळी असावीत. कडकडीत वाळलेली घेऊ नयेत. मोयऱ्याची केळी मोठी आणि जाड सालीची असतात. तुपावर परतून मुलांना द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतील.

आंब्यात फसवणूक जास्त. प्रत्येक टोपली 'मानकुराद'च असते! हे नाव पोर्तुगीज भाषेतल्या 'वाईट रंगाचा' अशा अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. तेव्हा गुळगुळीत, लालसर गालाचा, डाग नसलेला आंबा कोणी मानकुराद म्हणून देत असेल तर हसून पुढे जावे. काजूचेही तसेच. रंगीत डब्यातले सगळे काजूगर गोव्याच्या झाडाचे नसतात, कारण कारखान्यांत आफ्रिकेतून आयात केलेला कच्चा माल बराच येतो. गावठी हवे असतील तर तसे स्पष्ट विचारून, चव बघूनच घ्यावे. मुलांना मात्र बोंडूचा ताजा रस, नीरो, जरूर पाजा. तो पटकन आंबतो, त्यामुळे तिथेच प्यायचा, बाटलीत भरून घरी आणायचा नाही.

पोई, उंडे, खाजे आणि दोदोल यांबद्दल वेगळे सांगायला नको, मुले स्वतःच थांबवतात.

दहा-साडेदहापर्यंत बाजार उरकला, तर उरलेला दिवस किनाऱ्यावर गर्दीत घालवण्यापेक्षा शिवोलीचा पूल ओलांडून आगरवाड्याला जावे. आगर म्हणजे मिठागर, गावाचे नावच त्यावरून पडले आहे. शापोरा नदीचे खारे पाणी वाफ्यांत घेतात, उन्हाने ते आटते आणि तळाशी बसलेले मीठ ओढून बांधावर ढीग घालतात. शाळेत बाष्पीभवन पाठ केलेल्या माझ्या मुलाने इथे विचारले, "म्हणजे एवढंच?" पहिला पाऊस पडला की हंगाम संपतो, त्यामुळे जूनमध्ये जाऊन काही दिसणार नाही. आत जाताना काम करणाऱ्यांना विचारावे आणि वाफ्यात पाय घालू नये. हे जाडे मीठ लोणच्याला उत्तम. मात्र त्यात आयोडीन मिसळलेले नसते, म्हणून रोजच्या स्वयंपाकाला आपले नेहमीचेच वापरावे.

तिथून मोरजी जवळच आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, वनखाते घरट्यांभोवती कुंपण घालते. मे महिन्यात फारशी घरटी उरलेली नसतात, पण रिकामे कुंपण पाहूनही मुले प्रश्न विचारत राहतात. कुंपणाजवळ आवाज करू नये, रात्री दिवे पाडू नयेत.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली, अस्नोडा असा रस्ता घ्यावा. पहाटे पाचला निघाल्यास नवाच्या सुमारास म्हापशात पोहोचता येते. पोटाच्या तक्रारी असणाऱ्यांनी घाट संपेपर्यंत काही खाऊ नये. सुके बांगडे आणि सोडे बाजारातून निघताना सर्वांत शेवटी घ्यावेत, दोन पिशव्यांत बांधून झाकणाच्या डब्यात ठेवावेत. आम्ही एकदा नुसत्या कागदात गुंडाळून आणले होते. दिवाळीपर्यंत गाडीत पाहुण्यांना बसवता आले नाही.