घरचे माणूस गेल्यावर

आमचे वडील गेले. तेरावा झाला, तरी त्यांच्या पेटीला हात लावायला मन होईना. पण कागद थांबत नाहीत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करावी. दाखला मिळाला, की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्यावा. पोच मागून घ्यावी. तलाठी फेरफार लिहितो, नोटीस काढतो. हरकतीला १५ दिवस असतात. मग मंडळ अधिकारी मंजुरी देतात.

मधेच कोणी हक्कसोडपत्र पुढे करील. रडत्या डोळ्यांनी अंगठा देऊ नका, सहीही नको. हिंदू घरात बायको, मुलगे, मुली सारे वारस. सासरी गेलेली लेकसुद्धा.

शेवटी सातबारा काढून नावे वाचावी. आमच्या अर्जात थोरल्या बहिणीचे नाव आम्हीच विसरलो होतो! ते घालायला आणखी चार खेटे पडले.