चुनेवाल्यांची आळी

म्हैसूरचा अंबाविलास राजवाडा पाहायला येणारे पर्यटक सहसा सुण्णदकेरीकडे वळत नाहीत. कृष्णराज मोहल्ल्यातील ही जुनी वस्ती. कन्नडमध्ये ‘सुण्ण’ म्हणजे चुना आणि ‘केरी’ म्हणजे आळी. आपल्याकडील तांबट आळीसारखेच हे नाव. राजवाड्याच्या दुसऱ्या बाजूस इट्टिगेगूडु आहे, आणि ‘इट्टिगे’ म्हणजे वीट. राजनगरी ज्यांवर उभी राहिली त्या दोन्ही वस्तू अशा वस्त्यांच्या नावांत टिकून आहेत.

1897 मध्ये जुना लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाला. हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार नवा राजवाडा 1912 मध्ये पूर्ण झाला. पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले ते त्यानंतर, 1914 मध्ये. तोवर देशातील बांधकामाची भिस्त मुख्यतः चुन्यावरच होती.

हे काम मोठे जिकिरीचे. चुनखडी आणि सरपण यांचे थर रचून भट्टी पेटवायची. सुमारे 900 अंश सेल्सिअस उष्णतेत दगडाचा कळीचा चुना होतो. त्यावर पाणी पडताच तो खदखदू लागतो. एखादा कण डोळ्यांत उडाला तर दृष्टीच धोक्यात. हातापायांची कातडी सोलवटते ती वेगळीच. आपल्याकडे लोणारी समाजाने हाच व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या केला. मुंबईची चुनाभट्टी त्याच धंद्याची खूण. इतक्या कष्टाच्या जिनसेवरून ‘चुना लावणे’ हा वाक्प्रचार फसवणुकीसाठी रूढ व्हावा, हा अन्यायच म्हणायचा!

जुन्या म्हैसुरी वस्त्यांतील साधी घरे भिंतीला भिंत लावून उभी असतात. दारापुढे ‘जगली’ म्हणजे बसका ओटा, वर कौले, भिंतींना चुन्याची सफेदी. अशा घरांची डागडुजी आता बहुधा सिमेंटने होते आणि तिथेच घात होतो. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ती कोंडून ठेवते. मग पोपडे सुटतात, भिंत आतून खचते आणि घर ‘जुनाट’ ठरून पाडले जाते.

2012 मध्ये लॅन्सडाऊन इमारतीचा आणि 2016 मध्ये देवराज मार्केटचा काही भाग कोसळला. त्यांच्या जतनासाठी वारसाप्रेमी उच्च न्यायालयापर्यंत गेले. चुनेवाल्यांच्या कौलारू घरांची बाजू मांडायला कोण जाणार? तिथे निर्णय घरमालकाचाच, आणि तोही बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर, गवंड्याला विचारून घेतलेला. गवंडी चुन्याचा जाणकार असेल, तर तो आधी सिमेंटचा थर उतरवील, भिंत पुरती सुकू देईल आणि मगच चुन्याला हात घालील.