परदेशीं मुलांकडे राहावयास जातांना

पासपोर्ट आपल्या नाशिकरोडला छापला जातो. पण परदेशांतील मुक्काम ठरवितो तो परदेशच. अमेरिकेचा पर्यटक-व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी प्रत्येक खेपेची मुदत प्रवेशाच्या वेळीं अधिकारी घालून देतात; ती बहुधा सहा महिन्यांची असते. कायम राहावयाचें तर ग्रीन कार्ड हवें, आणि आईवडिलांसाठीं त्याचा अर्ज मुलांना, तीं अमेरिकन नागरिक झाल्यावरच, करतां येतो.

तें कार्ड हातीं आलें कीं नाशिकच्या घराचें भाडें व ठेवींचें व्याजहि अमेरिकन सरकारास कळवावें लागतें. इकडचा कर मात्र सुटत नाहीं. एकाच उत्पन्नावर दुहेरी भार पडूं नये म्हणून उभय देशांत १९८९ चा करार आहे; परंतु त्याचा लाभ विवरणपत्र भरणारासच मिळतो. म्हणून येथील बिऱ्हाड मोडण्यापूर्वी मुक्कामाचा व कराचा, असे दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत.