दहा वर्षांच्या मांजरीला घर देताना

मिरा रोड-भाईंदरमध्ये मांजराच्या पिल्लाला घर मिळतं, दहा वर्षांच्या मांजरीला मात्र क्वचितच. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो आणि नवा घरमालक प्राणी नको म्हणतो. इमारत पुनर्विकासाला जाते. एकट्या राहणाऱ्या आजी जातात आणि मुलं परदेशी असतात. मग इतकी वर्षं घरात वाढलेली मांजर पार्किंगमध्ये येते. रस्त्यावरच जन्मलेल्या मांजरांपुढे तिचा टिकाव लागत नाही. तिला घरी न्या असं कुणाला सुचवलं, की ठरलेला प्रश्न येतो : आता तिचे दिवस तरी किती उरलेत? या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाकडे आहे आणि ते आशादायक आहे.

वयाचा हिशेब

पशुवैद्यक दहा वर्षांवरच्या मांजराला ज्येष्ठ मानतात. दहा वर्षांची मांजर म्हणजे साधारण छप्पन वर्षांचं माणूस आणि पंधरा वर्षांची म्हणजे शहात्तरचं. घरात राहणारी, निर्बीजीकरण झालेली मांजर पंधरा वर्षांपर्यंत जगणं आता नवलाचं राहिलेलं नाही. म्हणजे दहाव्या वर्षी दत्तक घेतलेल्या मांजरीची सोबत चार-पाच वर्षं सहज मिळू शकते.

ब्रिटनमधल्या फ्लॉसी नावाच्या मांजरीचा जन्म १९९५चा. तिला सांभाळणारी माणसं एकामागून एक गेली आणि अखेर २०२२ मध्ये ती 'कॅट्स प्रोटेक्शन' या संस्थेकडे आली. तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं, नजरही अधू झाली होती. तरीही सव्वीस वर्षं उलटलेल्या या मांजरीला नवं घर मिळालं आणि त्याच वर्षी गिनीजने जगातली सर्वांत वयस्कर हयात मांजर म्हणून तिची नोंद केली.

वाळवंटातून आलेलं मूत्रपिंड

म्हाताऱ्या मांजराची काळजी घ्यायची, तर सर्वांत आधी त्याचं मूत्रपिंड समजून घ्यायला हवं. आपली पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरांची वंशज आहेत, असं २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आलं. त्या कोरड्या प्रदेशात पाणी दुर्मीळ होतं. शिकारीच्या मांसातून मिळेल तेवढ्या पाण्यावर भागवायचं, अशीच या शरीराची घडण झाली. भाईंदरच्या मिठागरात ऊन पाणी उडवून नेतं आणि मीठ मागे ठेवतं. मांजराचं मूत्रपिंड नेमकं उलटं काम करतं. ते पाणी रक्तात परत घेतं आणि क्षार व युरिया थोड्याशा, पण दाट लघवीतून बाहेर टाकतं.

हे काम नेफ्रॉन नावाच्या सूक्ष्म गाळण्या करतात. एकदा गेलेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. साधारण दोनतृतीयांश नेफ्रॉन निकामी झाले, की लघवी दाट करण्याची ताकद कमी होते. मांजर जास्त लघवी करू लागते आणि ती तूट भरून काढायला जास्त पाणी पिते. 'आमची मांजर हल्ली छान पाणी पिते,' हे वाक्य म्हणूनच कौतुकाने ऐकून सोडून देऊ नये. दहा वर्षांवरच्या मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. एसडीएमए ही तपासणी त्याच्या आधी इशारा देते.

निदान झालं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. फॉस्फरस कमी असलेला खास आहार, ओलं खाणं आणि गरज पडल्यास त्वचेखाली सलाइन यांच्या आधाराने अनेक मांजरं पुढे वर्षानुवर्षं जगतात. त्वचेखाली सलाइन कसं द्यायचं हे पशुवैद्याकडून शिकून घेता येतं आणि ते घरच्या घरी देता येतं. जपानमधले संशोधक तोरू मियाझाकी यांनी या विकारामागचं एक कारण दाखवून दिलं. मूत्रपिंडात साचलेला पेशींचा कचरा हलवायला एआयएम नावाचं प्रथिन मदत करतं. मांजरांमध्ये ते रक्तातल्या प्रतिपिंडांना इतकं घट्ट चिकटून राहतं, की गरजेच्या वेळी सुटं होऊन कामाला येत नाही. २०२१ मध्ये त्यांच्या संशोधनाचा निधी अडल्याची बातमी आली, तेव्हा जपानी मांजरप्रेमींनी देणग्यांचा वर्षाव केला.

न सांगितलेलं दुखणं

मांजर स्वतः शिकारी असते, तशी मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही असते. म्हणून ती दुखणं लपवते. २००२ मध्ये अमेरिकेत मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास झाला. बारा वर्षांवरच्या मांजरांपैकी नव्वद टक्क्यांच्या सांध्यांत झिजेच्या खुणा दिसल्या. पण कुणी लंगडत नाही, कुणी ओरडत नाही. मांजर फक्त खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारायचं सोडते. पाठ चाटता येत नाही म्हणून केसांत गुंता होतो. लघवीसाठी ठेवलेल्या परातीची कड उंच वाटते म्हणून ती बाजूलाच लघवी करते आणि घरचे म्हणतात, 'म्हातारपणी खोडकर झाली.'

२०१९ मध्ये माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पट्टी तयार केली. कान बाहेर वळलेत का, डोळे मिचमिचे झालेत का, तोंडाभोवतीचा भाग ताणलाय का, मिश्या ताठरल्यात का आणि डोकं खांद्यांच्या खाली झुकलंय का, या पाच गोष्टी पाहायच्या. त्या घरी कुणालाही पाहता येतात. उपायही साधे आहेत. खिडकीखाली एक स्टूल, कमी उंचीच्या कडेची परात, झोपायला मऊ गोधडी, फरशी गुळगुळीत असेल तर एखादी सतरंजी आणि नखं वेळच्या वेळी कापणं. वेदनाशामक मात्र पशुवैद्यानेच द्यायचं. माणसाच्या घरातली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निष्प्रभ करणारं विकर मांजराच्या यकृतात पुरेसं बनत नाही, कारण त्यासाठी लागणारं जनुक तिच्यात निकामी आहे.

वजन, भूक आणि ताट

भरपूर खाऊनही मांजर वाळत चालली असेल, तर थायरॉइड तपासायला हवा. थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय होण्याचा मांजरांमधला हा विकार १९७९ च्या सुमारास प्रथम वर्णिला गेला. गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो. महिन्यातून एकदा मांजरीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहावं आणि मग एकट्याचं वजन वजा करावं. चार किलोच्या मांजरीचं वजन चारशे ग्रॅमने घटलं, तर साठ किलोच्या माणसाचं सहा किलो घटल्यासारखंच ते आहे.

मांजर पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन हे अमिनो आम्ल तिला आहारातूनच पुरेसं मिळवावं लागतं आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. त्याच्या अभावी हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. म्हणून दूध-पोळीवर मांजर जगवणं हा तिच्यावर अन्याय आहे. भाईंदरमध्ये अनेक शाकाहारी घरांतही मांजरांवर माया केली जाते. तिथे तयार ओल्या खाद्याची पाकिटं हा सोपा मार्ग आहे. उत्तनच्या खारवलेल्या मासळीचा मोह मात्र ज्येष्ठ मांजरीसाठी टाळावा. वयाबरोबर वासाची जाण मंदावते, तेव्हा खाणं किंचित कोमट करून द्यावं. मांजरीने एक-दोन दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही, तर वाट पाहू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी झपाट्याने साचते आणि ते जिवावर बेततं.

घरी आणताना

सुरुवातीला तिला एकच खोली द्या आणि तिच्या जुन्या घरातली चादर सोबत आणा. खाणं एकदम बदलू नका. ती पलंगाखाली लपली, तर लपू द्या. पहिल्या आठवड्यातच रक्त, लघवी, रक्तदाब आणि दात तपासून घ्या. रक्तदाब वाढला, तर मांजराची नजर अचानक जाऊ शकते. जवळचा पशुवैद्य पुरेसा नसेल, तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, १८८६ पासून चालत आलेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालयही आहे.

पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. सोसायट्यांनी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू नये, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही स्पष्ट केलं आहे. पण कायद्याने मांजरीला घर मिळत नाही, ते माणसंच देतात.

निवृत्त झालेल्यांनी याचा जरूर विचार करावा. सत्तरीच्या माणसाने पिल्लू आणलं, तर पंधरा वर्षांनी त्याचं कोण करणार, ही चिंता सोबत येते. दहा वर्षांच्या मांजरीचा स्वभाव आधीच कळलेला असतो. ती पडदे फाडत नाही आणि दिवसाचा बराच वेळ झोपून काढते. तिला हवी असते उबदार जागा, वेळेवर खाणं आणि तिच्यातला बदल टिपणारी नजर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एखादी मांजर नव्याने दिसली, तर 'किती दिवस उरलेत' हे विचारण्याआधी तिला तपासणीला न्या. उत्तर बहुतेक वेळा वर्षांत मिळेल.