चौदा हजार मैल सायकलवर : वर्कमन पतिपत्नींचा भारतप्रवास

सायकल म्हटली की आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना पहाटेच्या काळोखात उसाच्या शेताकडे निघालेला मजूर आठवतो. हँडलला जेवणाचा डबा, मागे कोयता बांधलेला. सायकल ही कामाची वस्तू होती, हौसेची नव्हे. आमच्या आजीच्या पिढीतील एखाद्या बाईने सायकलवर पाय टाकला असता, तर गावात आठ दिवस दुसरा विषय निघाला नसता. आणि नवराबायकोने दोन सायकली घेऊन मुलूख पाहायला निघायचे, हे तर कोणी ऐकूनही घेतले नसते.

पण त्याही आधी, १८९७ साली, एक अमेरिकन जोडपे सायकली घेऊन भारतात उतरले होते. नवऱ्याचे वय ५०, बायकोचे ३८. नवरा डॉक्टर, नाव विल्यम हंटर वर्कमन. बायकोचे नाव फॅनी बुलक वर्कमन. भारताच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ही दोघे सायकलीवरून गेली. सिलोन, ब्रह्मदेश आणि जावा हेही त्यांनी पाहिले. या प्रवासावर त्यांनी १९०४ मध्ये इंग्रजीत जाडजूड पुस्तक काढले आणि त्याच्या नावातच आकडा घातला : चौदा हजार मैल. म्हणजे सुमारे साडेबावीस हजार किलोमीटर. आपले मॉरिशस बेट उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर लांब आहे. वाचकांनी हिशेब करून पाहावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ साडेतीनशे खेपा होतात.

फॅनीचा जन्म १८५९ मध्ये अमेरिकेतील वुस्टर गावी झाला. वडील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर होते आणि घरी पैसा भरपूर. तिचे शिक्षण न्यूयॉर्क, पॅरिस आणि ड्रेस्डेन अशा ठिकाणी झाले. विल्यम तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. प्रकृती बरी नाही म्हणून त्याने लवकरच डॉक्टरी सोडली आणि कुटुंब जर्मनीला राहायला गेले. तिथे त्याची प्रकृती इतकी सुधारली की तो वयाच्या नव्वदीपर्यंत जगला! त्यांना दोन मुले. मुलगी रेचेल १८८४ ची, मुलगा सीगफ्रीड १८८९ चा. हा मुलगा १८९३ मध्ये इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनियाने गेला. चार वर्षांचे पोर. आईबापांच्या मोठ्या सायकलसफरी सुरू झाल्या त्या यानंतर. दुःख विसरण्यासाठी ती दोघे घराबाहेर पडली, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मनात येते ते येतेच.

आता थोडे सायकलीविषयी, कारण त्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. पूर्वीची सायकल म्हणजे पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे ताटाएवढे. तीवरून पडला तो तोंडावरच पडे, आणि लुगडे किंवा घागरा नेसलेल्या बाईने तिच्यावर चढण्याचा प्रश्नच नव्हता. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्ली नावाच्या कारागिराने दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. तो टायर त्याने आधी आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसवून पाहिला होता. या दोन गोष्टींनी सायकल सर्वांची झाली, आणि विशेषेकरून बायकांची झाली.

वर्कमन पतिपत्नींनी आधी युरोपात सराव केला, मग अल्जीरिया केला. १८९५ मध्ये स्पेनमध्ये त्यांनी सुमारे २,८०० मैल सायकल चालवली. प्रत्येकाच्या सायकलीवर वीस पौंड, म्हणजे नऊ किलो सामान. दिवसाला सरासरी ४५ मैल, कधी कधी ८० मैलही. फॅनी लांब घागऱ्यातच सायकल चालवी. उन्हासाठी डोक्यावर टोप आणि अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यांसाठी चाबूक. सडकेवरच्या कुत्र्यांचा उपद्रव सव्वाशे वर्षांपूर्वीही होता, हे वाचून आपल्याकडच्या सायकलवाल्यांना बरे वाटेल.

भारतात यायच्या आधी दोघांनी रामायण, महाभारत आणि जातककथा वाचल्या होत्या. ज्या लोकांनी हे ग्रंथ रचले त्यांची देवळे, स्तूप, मशिदी आणि थडगी डोळ्यांनी पाहावीत, म्हणून ती आली. आमच्या मते ही तयारी फार मोलाची. आपल्यापैकी किती जण भारतदर्शनाला निघताना एवढे वाचतात? मुंबईला उतरायचे, साड्या घ्यायच्या, शिर्डी आणि पंढरपूर करायचे आणि परत यायचे. त्यातही पुण्य आहे, पण वेरूळला अर्धा तास आणि बाजारात अर्धा दिवस, हा हिशेब काही बरोबर नाही.

प्रवासाची तऱ्हा अशी : थंडीच्या महिन्यांत मैदानातून सायकल चालवायची, उन्हाळा सुरू झाला की डोंगरांकडे जायचे. उत्तरेत ती शक्यतो रेल्वेच्या आसपासच्या रस्त्यांनी जात, म्हणजे स्टेशनवर काही तरी खायला मिळे. तरी कित्येक दिवस अन्नपाण्याशिवाय गेले. रात्री कधी डाकबंगला, कधी स्टेशनातली मुसाफिरांची खोली. डास असत. उंदीर असत. कधी खाट असे, कधी नसे.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे काटा. एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढण्याची पाळी त्यांच्यावर आली. पंक्चर काढणे म्हणजे काय ते ज्याने काढले आहे त्यालाच ठाऊक. चाक काढा, टायर उचकटा, ट्यूब बाहेर घ्या, पाण्यात बुडवून बुडबुडे कुठे येतात ते पाहा, पुसा, घासा, सोल्यूशन लावा, वाळू द्या, ठिगळ दाबा, परत सगळे बसवा, हवा भरा. हातखंडा असलेल्या माणसालाही दहा मिनिटे लागतात. चाळीस पंक्चरांची मिनिटे झाली चारशे, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे! हा गुणाकार आमच्या पाचवीच्या वर्गाला घातला तेव्हा एका मुलीने विचारले, “मग ती दोघे भांडली नाहीत का?” भांडली असतील. पुस्तकात भांडण नाही. मात्र पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत.

या दोघांचा संसार कसा चालत होता, ते त्यांच्या पुढच्या मोहिमांवरून कळते. १८९८ च्या उन्हाळ्यात ती काश्मीर आणि लडाखकडे वळली आणि हिमालयाने त्यांना असे पकडले की सायकल मागे पडली. पुढची चौदा वर्षे ती पुन्हा पुन्हा काराकोरममध्ये आली. मोहिमेची कामे दोघे आळीपाळीने वाटून घेत : एका वर्षी एकाने सगळी व्यवस्था पाहायची आणि दुसऱ्याने मोजमापे व शास्त्रीय नोंदी करायच्या, पुढच्या वेळी उलट. १९१२ च्या सियाचेन हिमनदीच्या मोहिमेची प्रमुख फॅनी होती, आणि पासष्ट वर्षांचा नवरा बायकोच्या हाताखाली फोटो काढण्याचे आणि शिधासामग्रीचे काम पाहत होता. त्या काळातला डॉक्टर माणूस, आणि यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. १९०६ मध्ये नून कून पर्वतातील एका शिखरावर ती चढली तेव्हा ती ४७ वर्षांची होती. उंची ६,९३० मीटर. बायकांमध्ये हा उच्चांक १९३४ पर्यंत कोणी मोडला नाही. १८९९ मध्ये चढलेल्या एका शिखराला त्यांनी नाव दिले ‘सीगफ्रीडहॉर्न’. वाचकांनी ओळखले असेलच, हे त्या गेलेल्या मुलाचे नाव.

इथपर्यंत सगळे कौतुकाचे झाले. पण आपण, मॉरिशसच्या मराठी माणसांनी, ही हकीकत दुसऱ्या बाजूनेही वाचली पाहिजे. डोंगरात सायकल जात नाही. तिथे ओझी माणसांच्या पाठीवरून जातात. १८९८ च्या शरद ऋतूत सिक्कीममधून कांचनगंगेकडे जायचा त्यांचा बेत होता. निघायला ऑक्टोबर उजाडला, थंडी पडू लागली. पंचेचाळीस हमाल घेतले. त्या माणसांनी सांगितले, दिवसाला पाच मैलांपेक्षा जास्त चालणार नाही. तीन दिवसांनी बर्फात पुढे जायला त्यांनी साफ नकार दिला आणि साहेब-मडमांना दार्जिलिंगला परत यावे लागले. पुढच्या मोहिमांतही हमाल पळून जाण्याचे प्रकार झाले. वर्कमन मंडळींनी याचा सारा दोष हमालांना दिला : आळशी, खोटारडे, हट्टी. हिमालयाच्या मोहिमांचा इतिहास लिहिणारे केनेथ मेसन हे स्वतः इंग्रज अधिकारी. त्यांनीही असे मत दिले आहे की या दोघांना धीर नव्हता, हमालांचे मन समजून घ्यायचा त्यांनी क्वचितच प्रयत्न केला, आणि म्हणून त्यांच्याकडून चांगले काम त्यांना कधी मिळाले नाही.

ज्या माणसांना त्या पुस्तकांत ‘कुली’ म्हटले आहे, त्याच शब्दाने आपल्या पणजोबांनाही हाक मारली जात होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्याला आज आपण आप्रवासी घाट म्हणतो, ज्याला २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचे जुने नाव कुली घाट. १८३४ पासून साडेचार लाखांहून अधिक माणसे करारावर या बेटावर आली, आणि ही पद्धत बंद झाली १९१० मध्ये. म्हणजे फॅनी आणि विल्यम पंक्चर काढत होते तेव्हा ती अजून चालूच होती. ‘आळशी’ आणि ‘पळपुटा’ ही विशेषणे आपल्या शेतांवरच्या साहेबांच्या तोंडीही होती. उघड्या पायांनी बर्फात ओझे वाहायला नकार देणारा माणूस आळशी, की शहाणा? आमचे मत आम्ही लपवत नाही : त्या पंचेचाळीस जणांनी केले ते योग्य केले.

मौज पाहा, हीच फॅनी बायकांच्या हक्कांसाठी मात्र हिरिरीने उभी राहिली. १९१२ मध्ये सियाचेनच्या बाजूला २१,००० फुटांवर, बर्फात उभी राहून, हातात ‘बायकांना मते द्या’ अशा नावाचे वर्तमानपत्र उघडून धरलेला तिचा फोटो प्रसिद्ध आहे. अमेरिकेत बायकांना सर्वत्र मताधिकार मिळाला १९२० मध्ये. आपल्या बेटावर बायकांनी प्रथम मत दिले १९४८ च्या निवडणुकीत, आणि तेही ज्यांना साधे लिहिता-वाचता येत होते त्यांनीच. एका बाबतीत डोळे उघडे आणि दुसऱ्या बाबतीत घट्ट मिटलेले, अशी माणसे आपल्यालाही भेटतात.

मुलगी रेचेल या सगळ्या काळात इंग्लंडात शाळेत होती. आईबाप भारतात आले तेव्हा ती तेरा वर्षांची. धाकटा भाऊ गेलेला, आईबाप सायकलीवर. आम्ही शिक्षक लोक अशा मुलांकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो. रेचेल पुढे भूगर्भशास्त्र शिकली. १९११ मध्ये तिने कानपूरच्या लोकर गिरणीचे अलेक्झांडर मॅकरॉबर्ट यांच्याशी लग्न केले, म्हणजे तिचाही भारताशी संबंध जुळलाच. तिला तीन मुलगे झाले. थोरला १९३८ मध्ये विमान अपघातात गेला, दुसरे दोघे १९४१ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, ब्रिटिश हवाई दलात लढताना गेले. तिने २५,००० पौंड देऊन एक बॉम्बफेकी विमान हवाई दलाला दिले. त्याचे नाव ठेवले ‘मॅकरॉबर्टचे उत्तर’.

फॅनी १९२५ मध्ये फ्रान्समध्ये कान या गावी वारली. अमेरिकेतील चार महिला महाविद्यालयांना तिने सव्वा लाख डॉलर ठेवले. विल्यम १९३७ पर्यंत होता.

मुंबईकरांनीही नंतर सायकलीवरून जग पाहिले, हे इथे सांगायला हवे. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये सहा पारशी तरुण मुंबईहून निघाले. त्यांपैकी तिघांनी, म्हणजे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते परतले. त्यांची हकीकत स्वतंत्र लेखाची आहे. पुन्हा कधी तरी लिहू.

वर्कमन दांपत्याचे १९०४ चे पुस्तक आता कोणालाही छापता आणि वाचता येते, कारण त्याचा हक्क केव्हाच संपला आहे. ते इंग्रजीत आहे, पण त्यातले फोटो पाहायला इंग्रजी लागत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीची देवळे आणि जुन्या इमारती त्यांत दिसतात. वरच्या वर्गांच्या शिक्षकांनी ते मिळवून मुलांना दाखवावे. फोटो कोणी काढला हे सांगावे, आणि कॅमेऱ्याचे ओझे डोंगरात कोणाच्या पाठीवर होते, तेही सांगावे.